पाठीचं दुखणं आणि पुढची सीट

विद्याधर टिपणीसबद्दल माझ्या मनात काहीही नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. माणूस चांगला आहे. आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये एकटा राहतो, चाळिशी उलटली तरी डोक्यावरचे केस जिथल्या तिथे आहेत, रुमालाला इस्त्री करतो आणि पान, विडी, दारू यांपैकी कशालाही शिवत नाही. अशा माणसाबद्दल कोणाच्या मनात काही असायचं कारणच काय? तरीसुद्धा सहा महिने मला जेवण गोड लागलं नाही, आणि जिन्यात त्याची शिट्टी वाजली की मी पेपरातली तीच ओळ पुन्हा वाचायला लागायचो. 'जळतोस तू त्याच्यावर,' असं आमच्या ऑफिसातला धाकू मला तोंडावर म्हणाला. धाकूला काय कळतंय? जिथून ही सगळी वाट लागली, ते मटण त्याच्याच घरचं होतं.

मी शिवदास तोरसकर. अंधेरीच्या एमआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कंपनीत असिस्टंट परचेस ऑफिसर आहे. 'असिस्टंट' हा शब्द मी जरा हळू उच्चारतो, ती माझी सवय आहे. राहायला बोरिवलीला. आमच्या सोसायटीत चोवीस ब्लॉक आणि गाडी एकच, माझी फियाट. सेकंडहँड आहे, पण आहे. 'फियाट उभी असते ना, तीच बिल्डिंग,' असा पत्ता लोक पाहुण्यांना सांगायचे. सेक्रेटरीच्या नावाने पत्ता सांगितलेला मी आजवर ऐकलेला नाही.

आता त्या दारूबद्दल. मी दारुडा नाही. वर्षातून दोनदा घेतो, धुळवडीला आणि गटारीला. श्रावण लागायच्या आधी कोकणातला माणूस थोडी तयारी करतो, त्याला कोणी व्यसन म्हणत नाही. आणि त्या वर्षी दोन्ही वेळा पकडला गेलो. या मुंबईत रोज पिऊन गाड्या हाकणारे शेकड्याने आहेत. त्यांना कोणी हात दाखवत नाही, सुखात जगतात बेटे. माझं मात्र पिण्याचं आणि पकडलं जाण्याचं प्रमाण तंतोतंत सारखं. धुळवडीला मॅजिस्ट्रेटसाहेबांनी दंड करून, दम भरून सोडलं. गटारी रविवारी आली. भर दुपारी धाकूच्या दहिसरच्या घरी मटण झालं, मटणाआधी काय व्हायचं ते झालं, आणि मी बायकोला घेऊन परत निघालो. 'रिक्षा करू या,' असं मृणालिनी तीनदा म्हणाली होती, हे मी नाकारत नाही. मी म्हटलं, "दारात गाडी असताना रिक्षा? लोक काय म्हणतील?"

लोकांनी काही म्हणायच्या आतच रस्त्यात हवालदाराने हात दाखवला. खिडकीत डोकं घालून म्हणाला, "हा करा."

मी 'हा' करताना श्वास आत ओढला.

"साहेब, बाहेर सोडा. आत काय ओढताय?"

मी बाहेर सोडला. त्याने डोळे मिटले, जरा वेळ विचार केला आणि म्हणाला, "गटारी?"

"नाही, मटण," मी म्हटलं.

पुढे सरकारी दवाखान्यात एका पोरसवदा डॉक्टरने मला फरशीच्या रेघेवरून चालायला लावलं आणि शर्टाची बटणं सोडून पुन्हा लावायला सांगितली. मी ऑफिसर माणूस, बटणं काय लावतोय? पण लावली. शेवटी एक काज उरलं. ते काज कोर्टाच्या कागदात आलं. मॅजिस्ट्रेट तेच निघाले. त्यांनी मला ओळखलं, आणि ओळखीचा मला कसलाच उपयोग झाला नाही. लायसन्स सहा महिन्यांसाठी निलंबित. लायसन्सचं पुस्तक त्यांच्या कारकुनाने माझ्या हातातून अक्षरशः ओढून घेतलं.

घरी येताना मी मृणालिनीला म्हटलं, "हे कोणाला कळता कामा नये."

ती म्हणाली, "मी कोणाला खोटं सांगणार नाही. कोणी विचारलं तर गप्प बसेन. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बससाठी निघालो, तर तळमजल्यावरचे गुणाजीकाका दारातच उभे. गिरणीतून रिटायर झाल्यापासून काकांनी सोसायटीच्या गेटवर स्वतःची ड्युटी लावून घेतली आहे. "काय रे शिवदास, गाडी खंय? चलत निघालंस तो?"

तयारी काहीच नव्हती. तोंडातून निघून गेलं, "पाठ धरलीय काका. डॉक्टर म्हणाले, सहा महिने स्टेअरिंगला हात लावायचा नाही."

आता सांगा, दुखायला शरीरात काय कमी जागा आहेत? दात सांगता आला असता, डोळे सांगता आले असते. पण मी पाठ म्हणालो, आणि आमच्या सोसायटीत पाठ हा विषय प्रत्येकाच्या घरचा निघाला. संध्याकाळपर्यंत चार तेलं, एक पट्टा आणि झोपण्यासाठी एक लाकडी फळी घरी येऊन पोचली. काकांच्या बायकोने, विमलाकाकूंनी, वाळूची पुरचुंडी करून दिली आणि शेकायचं कसं ते माझ्याच पाठीवर दाखवलं. गरम होती. मी 'आई गं' म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "बघा, किती दुखतंय बिचाऱ्याला." आणि मला आता चालायचंही वाकून होतं. ताठ चाललो की कोणीतरी गॅलरीतून ओरडायचं, "तोरसकर, जपून!"

आठवड्याभराने विद्याधर आला. दारात उभा राहून, चपला नीट जोडीने काढून म्हणाला, "तोरसकर, माझ्याकडे लायसन्स आहे. पूर्वी कंपनीची जीप चालवायचो. माझं ऑफिस पार्ल्याला, वहिनींची बँकही पार्ल्याला, तुम्ही वाटेत अंधेरीला. तुमची पाठ बरी होईपर्यंत मी चालवतो गाडी. उभी राहून बॅटरी उतरेल नाहीतर."

मी 'नको' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मृणालिनी आतून म्हणाली, "बरं होईल भावजी." बारा वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्या सूचनेला ती इतक्या पटकन 'बरं होईल' म्हणालेली मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्याच गाडीचा पुढचा डावा दरवाजा उघडला. विद्याधर म्हणाला, "अहो, तुम्ही बसायचं नाही! मागे आडवे व्हा. मी उशी आणलीय." खरंच आणली होती. निळी, कडेला शिवण घातलेली. गॅलरीतून अर्धी सोसायटी बघत होती. गुणाजीकाका खालून ओरडले, "आडवो हो रे, आडवो हो! तेका कळता!" मी काय करणार? पाठ माझी, खोटं माझं. मी मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन आडवा झालो आणि माझी बायको पुढे विद्याधर टिपणीसच्या शेजारी बसली.

मागच्या सीटवर आडवं पडून माणसाला काय दिसतं ते सांगतो. गाडीचं छत, विजेच्या तारा आणि पुढच्या दोघांची डोकी. एकावर भरपूर केस. दुसऱ्यावर अबोली.

आणि गाडी! तिचं तर मला तोंडही बघावंसं वाटेना. चार वर्षं मी तिला ढकललं, धुतलं, तिच्याखाली झोपलो. माझ्या हातात ती कधी एका झटक्यात सुरू झाली नव्हती. गिअर टाकला की खडखडायची, जणू मी तिच्याकडे काहीतरी भलतंच मागितलं आहे. विद्याधरने नुसता चोक ओढला, आणि ही बया मांजरासारखी गुरगुरत निघाली. पहिल्याच दिवशी! त्याने गिअर टाकलेला कळायचाही नाही. हॉर्न नाही, ब्रेकला कचका नाही, रिक्षावाल्याला एक शिवी नाही. माझं ड्रायव्हिंग कसं होतं, तर जिवंत. मी गाडी चालवताना बोलतो, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघतो, कारण मला तसं वळण आहे. डावीकडून ट्रक काढतो, दोन बसच्या मधून जातो. हायवेवर माझ्यासारखा कट कोणी मारून दाखवावा. विद्याधरच्या ड्रायव्हिंगमध्ये काही रामच नव्हता. आणि मृणालिनीला ते आवडत होतं. ती बोलत होती. बँकेतल्या मॅनेजरची नक्कल करत होती. माझ्या गाडीत ही बाई चार वर्षं दरवाज्याच्या दांडीला धरून गप्प बसायची. मला वाटायचं, हिचा स्वभावच अबोल आहे.

अंधेरीला मी उतरायचो. मग ती दोघं पुढे पार्ल्याला जायची. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत मी कंपनीच्या गेटवर उभा राहायचो. वॉचमन एकदा म्हणाला, "साब, कुछ भूल गये क्या?" मी त्याला काय सांगू?

सप्टेंबरात एक दिवस तर कहर झाला. परतीच्या वाटेवर जोगेश्वरी सोडल्यावर पुढून आवाज येईना. मी कोपरावर उठून पाहिलं. मृणालिनी झोपली होती. मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं, हातातली पर्स घसरून खाली पडलेली. विद्याधरने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. माझ्या बायकोला झोप लागली म्हणून मला माझ्याच गाडीत गप्प राहायला सांगणारा हा कोण? मला इतका संताप आला, की बोरिवली येईपर्यंत मी छतावरच्या भोकांची संख्या मोजत पडून राहिलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

"तुला झोप कशी लागते त्याच्या शेजारी?" मी घरी विचारलं.

"दमले होते," ती म्हणाली.

"माझ्या शेजारी कधी झोपली नाहीस गाडीत."

"नाही झोपले," ती म्हणाली आणि कुकर लावायला आत गेली. या उत्तराचा मी आठ दिवस विचार केला. शेवटी असं ठरवलं, की माझं बोलणंच इतकं रंगतं, की कोणाला झोप येत नाही.

आता हे थांबवायचं कसं? पाठ बरी झाली म्हणावं, तर 'मग चालव गाडी' असं लोक म्हणणार. बरी झाली नाही म्हणावं, तर उशी चुकत नाही. या कोंडीत असताना गुणाजीकाकांनी माझं मनावर घेतलं. "अरे, तीन महिने झाले आणि तू अजून वाकडोच. गोवंडीक एक वैद्य आसा. एकदा हात लावल्यान की मेलेलो माणूस उठून बसतलो." मी पुष्कळ टाळलं. पण काका एका रविवारी सकाळी धोतर नेसून दारात हजर, आणि सोबत विद्याधर, चावी बोटावर फिरवत. दोघांनी मला गोवंडीला नेलं. ते वैद्यबुवा अंगाने दणदणीत होते. त्यांनी मला पालथं पाडलं, पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हिच्यात तर काही नाही."

बाहेरच्या बाकावरून काका ऐकत होते, विद्याधर ऐकत होता. मी कण्हून म्हटलं, "जरा खाली बघा ना. आत आहे. खोल."

"खोल आहे होय," वैद्यबुवा म्हणाले आणि त्यांनी गुडघा ठेवला.

कट्ट असा जो आवाज झाला, तो काकांनी बाहेर बाकावर ऐकला. त्या दिवसापासून माझी पाठ दुखायला लागली. खरोखरची. खोकलो तरी कळ यायची. परतताना मी मागच्या सीटवर आडवा झालो तेव्हा प्रथमच ती उशी मला बरी वाटली, आणि बरी वाटली म्हणून आणखीनच राग आला. सोसायटीत मात्र कोणाला काही फरक जाणवला नाही. वाकून तर मी आधीपासूनच चालत होतो.

डिसेंबरात मृणालिनी म्हणाली, "मी गाडी शिकणार आहे."

"शिकवतो की," मी म्हटलं. नवऱ्याने बायकोला शिकवावं, यात विशेष काय? पण कायदा असा आहे, की शिकणाऱ्याच्या शेजारी लायसन्सवाला माणूस बसला पाहिजे. गाडी माझी, बायको माझी, आणि तिच्या शेजारी बसायला सरकारदरबारी पात्र कोण, तर विद्याधर टिपणीस! त्याने पत्र्याच्या तुकड्यावर लाल रंगाने 'एल' काढून पुढे-मागे बांधला. अक्षर सुरेख आलं होतं, तेही मला खुपलं. रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी, गोराईच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर, ही दोघं पुढे आणि मी मागे. घरी बसलो असतो तर चाललं असतं, पण घरी बसवेना.

"क्लच हळू सोडा वहिनी. हळू. झकास!"

"असं?"

"अगदी असं."

मी मागून म्हटलं, "अगं, अ‍ॅक्सिलेटर दे ना जरा!" तिने दिला, गाडीने उडी मारली, माझ्या पाठीतून कळ गेली. तिने मागे वळूनही न बघता सांगितलं, "तुम्ही बोलू नका." तो सांगायचा तेव्हा 'हो, हो, कळलं'. मी सांगितलं की 'बोलू नका'. एकदा तिने हँडब्रेक न काढता पाऊण मैल गाडी नेली आणि विद्याधर नुसता हसला. मी हसलो असतो तर घरी तीन दिवस बोलणं बंद झालं असतं.

अखेर सहा महिने भरले. लायसन्स परत मिळवायला मी आरटीओत गेलो. कारकुनाने फाईल काढली, उलटसुलट केली आणि म्हणाला, "निलंबन संपलं, पण मधल्या काळात तुमच्या लायसन्सची मुदतही संपली. मुदत संपलेलं लायसन्स परत देता येत नाही. आधी नूतनीकरण करा."

"करा की."

"त्यासाठी मूळ लायसन्स दाखवा."

"ते तुमच्या हातात आहे."

"माझ्या हातात आहे हे खरं. पण दाखवायचं तुम्ही आहे."

आम्ही दोघंही काही वेळ त्या पुस्तकाकडे बघत राहिलो. माणूस मात्र सज्जन निघाला. त्याने इकडेतिकडे बघून लायसन्स खिडकीतून माझ्या हातात दिलं. मी ते त्याला दाखवलं. त्याने ते पाहिलं, 'ठीक आहे' म्हणाला आणि परत काढून घेतलं. मग फॉर्म दिला. त्यावर डॉक्टरचा दाखला हवा होता, अर्जदारास मणक्याचा विकार नसल्याबद्दल.

आमच्या सोसायटीतल्या डॉक्टर म्हणजे अनुपमाबाई. त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला. "तोरसकर, मी सहा महिने तुम्हाला रोज मागच्या सीटवर आडवं पडून जाताना बघतेय. मणका ठीक आहे असं कसं लिहू?"

इलाज नव्हता. मी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हटलं, "डॉक्टर, पाठ कधी दुखतच नव्हती."

"मग आता उठताना टेबल का धरलंत?"

"ती आता दुखते."

त्यांनी मला तपासलं, गोवंडीच्या वैद्यबुवांबद्दल एक शब्द वापरला जो मी इथे लिहीत नाही, आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या. सोळाव्या दिवशी दाखला मिळाला.

लायसन्स हातात पडायचा दिवस आणि मृणालिनीच्या टेस्टचा दिवस एकच आला. तिघं बरोबरच गेलो. मी आतून लायसन्स घेऊन बाहेर आलो, तर मैदानात ती गाडी मागे घेत होती, इन्स्पेक्टर शेजारी, आणि विद्याधर झाडाखाली मुठी आवळून उभा. जणू परीक्षा त्याचीच होती. ती पास झाली. उतरली, ती सरळ त्याच्याकडे धावत गेली. "भावजी, झालं!" मग मी तिला दिसलो.

पण मी मनाला म्हटलं, असू दे. आजपासून हा माणूस रिटायर. मी ताठ चालत गेलो, चावीसाठी हात पुढे केला. तिने जरा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि चावी दिली. विद्याधर म्हणाला, "मी रिक्षाने जातो, मला काम आहे." समजूतदार! मी डावीकडचा पुढचा दरवाजा माझ्या हाताने उघडला, बायकोसाठी. तिने मागचा उघडला आणि आत बसली.

"अगं, पुढे बस."

"नको. मी इथे बरी आहे."

"का? त्याच्या शेजारी सहा महिने बसलीस ना?" माझा आवाज चढला. आरटीओच्या आवारात दहा-बारा माणसं वळून बघायला लागली. बघेनात का! "त्याच्या शेजारी बोलायचीस, हसायचीस, झोपायचीस! मी बसलो की मागे?"

ती बाहेर आली. तिने आवाज चढवला नाही. "भावजींना मीच सांगितलं होतं गाडी चालवायला. ते आपणहून आले नाहीत, मी गेले होते त्यांच्याकडे. सगळं सांगितलं. दारूचं, कोर्टाचं, सगळं. म्हटलं, मला यांच्या शेजारी बसायची भीती वाटते."

मी विद्याधरकडे पाहिलं. तो रिक्षाकडे निघता निघता थांबला होता, काखेत ती निळी उशी.

"तुला माहीत होतं? पहिल्या दिवसापासून?"

"हो," तो म्हणाला.

"पाठीत काही नव्हतं, हेही?"

"हो."

"मग ती उशी कशाला आणायचास रोज?"

त्याने उशीकडे पाहिलं. "लोकांसमोर तुम्हाला लाज वाटू नये म्हणून," तो म्हणाला, आणि रिक्षात बसून गेला.

एक गोष्ट मी आतापर्यंत सांगितलेली नाही. हवालदाराने आम्हाला उगाच अडवलं नव्हतं. त्या दुपारी, हवालदार उभा होता त्या नाक्याच्या थोडं अलीकडे, माझी गाडी एका पपईच्या हातगाडीला घासून गेली होती. पपया रस्ताभर झाल्या. मी हसलो होतो, हे मला आठवतं. मृणालिनी आता म्हणाली, "त्या हातगाडीच्या आडोशाला पपईवाल्याची बायको बसली होती. मांडीवर मूल होतं. तुम्ही पाहिलंच नाहीत. तुम्ही माझ्याकडे बघून बोलत होतात."

मी खरंच पाहिलं नव्हतं. बोलत कशाबद्दल होतो तेही आता आठवत नाही.

सहा महिने मी विद्याधरचे केस, त्याचा रुमाल, त्याचं ते 'झकास', सगळ्याचा हेवा केला. खरा हेवा करण्यासारखं त्याच्याजवळ काय होतं, ते मला आरटीओच्या आवारात, लायसन्स खिशात असताना कळलं. त्याच्या शेजारी माझी बायको डोळे मिटू शकत होती. अजूनही जळतो मी त्याच्यावर. आता उघड सांगतो.

मी चावी तिला परत दिली. ती उजवीकडे बसली, मी वळसा घालून डावीकडे. चार वर्षांत मी त्या सीटवर कधी बसलो नव्हतो. तिथून रस्ता फार जवळ दिसतो, आणि पायाखाली काही नसतं. हायवेला लागल्याबरोबर एक ट्रक असा अंगावर आला, की मी दोन्ही पाय पत्र्यावर दाबले. काही झालं नाही, ट्रक त्याच्या रस्त्याने गेला. मग बस. मग म्हशी. मृणालिनी बरी चालवत होती, हळू चालवत होती, पण चालवत ती होती आणि माझ्या हातात काही नव्हतं. कांदिवलीला एक सायकलवाला मध्ये आला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. बोलायचं तर नावच नको. बोरिवलीपर्यंत मी एक शब्द काढला नाही.

तिने गाडी गेटातून आत घेतली, बंद केली. गुणाजीकाका धावत आले, "अरे वा, वयनी चालवतत!" आणि माझ्याकडे बघून थबकले. "तू पुढे कसो? पाठ बरी झाली?"

"काका, पाठ नव्हतीच," मी म्हटलं. "दारू पिऊन गाडी चालवली, दोनदा. लायसन्स काढून घेतलं होतं."

काका विमलाकाकूंना सांगायला आत पळाले. मला उतरायचं होतं, पण हात दरवाज्याच्या दांडीवरून सुटेना. बोटं पांढरी पडली होती.

मृणालिनीने ते पाहिलं. "भीती वाटली?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "पूर्ण रस्ताभर."

"मला चार वर्षं वाटत होती," ती म्हणाली, आणि तिने चावी पर्समध्ये टाकली.